धाकटीच्या लाळेचे नमुने

माझ्या धाकट्या बहिणीला पहिली फिट आली तेव्हा ती नववीत होती. शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली. लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कार्बामाझेपाइन नावाची गोळी दिली आणि सांगितलं, रोज दोनदा, एकही चुकवायची नाही. गोळी सुरू झाली आणि फिट थांबली. पुढे सहा वर्षं एकदाही आली नाही. त्यामुळे आमच्या घरात तो विषयच बंद झाला. गोळी होती पण आजार नव्हता, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. शेजारची बाई घरात आली की माय गोळीची पट्टी उशीखाली सरकवायची आणि कुणी पाहिलीच तर म्हणायची, "ताकदीची हाय."

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गोळ्यांचे पैसे तेवढे ते पगाराच्या दिवशी मायच्या हातावर ठेवत.

धाकटीला देगलूरचं स्थळ आलं. मुलाचं खत-बियाण्याचं दुकान, थोडी शेती, घरात फक्त आई. मुलगा साधा वाटला. बैठकीच्या आदल्या दिवशी मायनं मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं आणि विचारलं, "सांगावं का गं त्यांना?"

मी तेव्हा नांदेडला विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. घरात सगळ्यात जास्त शिकलेली मीच, म्हणून माझा शब्द शेवटचा. मी म्हटलं, "सहा वर्षांत आलीय का एकदा तरी? मग सांगायचं काय?"

मायला हेच ऐकायचं होतं. लग्न झालं.

गोळ्या पोचवायचं काम माझ्याकडे आलं. नांदेडहून देगलूर काही फार लांब नाही. महिन्यातून एका रविवारी मी सकाळच्या बसने जायची आणि संध्याकाळी परत यायची. लातूरच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. ती घडीवर फाटायला आली होती, पण मेडिकलवाला ओळखीचा झाला होता, तो बघायचाही नाही. गोळ्यांच्या पट्ट्या मी सॅनिटरी पॅडच्या पाकिटात भरून न्यायची. ते पाकीट त्या घरात कुणी उघडणार नव्हतं. धाकटी सकाळची गोळी आंघोळीला गेल्यावर घ्यायची आणि रात्रीची, नवरा दुकानाचा हिशेब करत बसला की. तिची सासू मला दर खेपेला जेवल्याशिवाय सोडत नसे. तेलंगणाच्या बाजूची बाई, मराठी बोलतानाही मधूनमधून तेलुगू यायची. "तिनू, तिनू," असं म्हणत ताटात भात वाढत राहायची.

माझं संशोधन काय होतं, ते इथे सांगायला हवं. केळीची साल वाळवायची, कुटायची, पाण्यात घालून स्टीलच्या घट्ट बंद भांड्यात भट्टीत काही तास तापवायची. मग गाळायचं. जे पाणी उरतं ते साध्या उजेडात कोऱ्या चहासारखं दिसतं. पण अंधारात जांभळ्या दिव्याखाली, म्हणजे यूव्हीखाली धरलं की तेच पाणी निळं चमकतं. त्यात कार्बनचे इतके बारीक कण असतात की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. त्यांना कार्बन डॉट्स म्हणतात. काही औषधं या पाण्यात मिसळली की ती चमक उतरते. औषध जितकं जास्त, तितकी चमक कमी. चमक मशीनवर मोजायची आणि त्यावरून औषध किती आहे ते काढायचं. रक्त न काढता, नुसत्या लाळेतून रोग्याच्या अंगात औषध किती आहे हे कळावं, असा माझ्या प्रबंधाचा विषय होता. कोणतं औषध घ्यायचं असं गाईड सरांनी विचारलं तेव्हा मी कार्बामाझेपाइन म्हटलं. हेच का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

साली अर्धापूरच्या केळीच्या. विद्यापीठाच्या फाटकाजवळचा ज्यूसवाला माझ्यासाठी पिशवी भरून ठेवायचा. वर्षभर मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलींची लाळ घ्यायची, तिच्यात मोजून औषध मिसळायची आणि चमक किती उतरते ते पाहायची. आलेख सरळ रेषेत आला. सर खूश झाले. म्हणाले, "आता खऱ्या रोग्याचा नमुना हवा. दवाखान्याशी बोलावं लागेल, समितीची परवानगी लागेल, फॉर्म भरावे लागतील."

त्याला सहा महिने लागले असते. पुढच्या रविवारी मी देगलूरला गेले तेव्हा धाकटीला म्हटलं, "तुझी थुंकी देतेस का थोडी? मला डॉक्टरकी मिळेल तिच्यावर."

ती इतकी हसली की तोंडावर पदर धरावा लागला. "आक्का, थुंकीवर कुणी डॉक्टर होतंय व्हय?"

"होतंय. देतेस का?"

"घे की. लई हाय."

न्हाणीघरात जाऊन तिनं बाटलीत लाळ दिली. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून मी ती नांदेडला आणली. दुसऱ्या दिवशी गाळून, गाळ तळाशी बसावा म्हणून मशीनमध्ये गरगर फिरवून, डॉट्समध्ये मिसळून पाहिली. चमक उतरली. मिसळलेल्या नाही, माणसाच्या अंगातून आलेल्या औषधानं उतरलेली ती माझी पहिली चमक. मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. सरांना मी सांगितलं की ओळखीतली एक रोगी आहे, तयार आहे. सर म्हणाले, "कागद होईपर्यंत प्रबंधात घालू नको. पण करून ठेव."

तिसऱ्या महिन्यात चमक उतरली नाही.

मी पुन्हा केलं. तेच. नळी यूव्हीखाली धरली तर नुसत्या डॉट्सची नळी आणि धाकटीच्या लाळेची नळी, दोन्ही सारख्याच निळ्या. मला वाटलं, डॉट्स बिघडले. त्या आठवड्यात साली वेगळ्या बागेतल्या आल्या होत्या, थोड्या कच्च्या होत्या. केळी बदलली की डॉट्स बदलतात हे आम्हाला माहीत होतं. मी सगळं ओतून दिलं, नवीन साली आणल्या, पुन्हा केलं. नवीन डॉट्समध्ये प्रयोगशाळेतल्या मुलींच्या लाळेत मिसळलेलं औषध बरोबर दिसत होतं. धाकटीच्या लाळेत काही दिसत नव्हतं.

चौथ्या महिन्यात पुन्हा तेच. मी मशीनचा दिवा तपासला. बाटल्या बदलल्या. लाळेतला चिकट पदार्थ आडवा येत असेल म्हणून ती आणखी फिरवली. बर्फ प्रवासात वितळतो, म्हणून औषध बाटलीच्या भिंतीला चिकटत असेल, असंही एक कारण मी वहीत लिहून ठेवलं होतं. आता ती वही वाचते तेव्हा लाज वाटते. सोळा पानं कारणं आहेत.

सरांनी दोन्ही आलेख समोर ठेवले आणि म्हणाले, "मिसळलेलं दिसतंय आणि अंगातलं दिसत नाही. म्हणजे एक तर औषध लाळेत येत नाही, पण ते आधी दोन महिने येत होतं. नाही तर तुमची रोगी गोळी घेत नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "सर, ती खोटं बोलणारी नाही."

"मी खोटं म्हटलंच नाही," सर म्हणाले. "घेत नाही म्हटलं."

त्याच महिन्यात मायचा फोन आला. धाकटीला दिवस गेले होते. तिसरा संपला तेव्हा तिनं सांगितलं. मी पेढे घेऊन देगलूरला गेले. सासूनं माझ्या तोंडात साखर घातली, खण-नारळाची तयारी कधी करायची ते विचारत राहिली. जेवणं झाल्यावर धाकटीबरोबर गच्चीवर कपडे काढायला गेले आणि हळूच विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

"घेते की." ती चादर झटकत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"रोज? दोन्ही?"

"हाव म्हणलं ना, आक्का."

मी एवढंच विचारलं. खरं तर तेव्हा मला सरांचं वाक्य आठवत होतं. पण ते तिला विचारायचं म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचा, आणि संशय खरा निघाला तर काही तरी करायला लागणार. करायचं म्हणजे नांदेडला डॉक्टरकडे न्यायचं. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे तिच्या घरी कारण सांगायचं. मी मायला फोन केला. माय म्हणाली, "सातव्यात आणतोच की आपण लातूरला. मग दाखवू आपल्या डॉक्टरला. कुणाला काही कळायचं न्हाई." मी बरं म्हटलं. त्या खेपेलाही मी तिची लाळ आणली. पुढच्या खेपेलाही. चार महिने चमक उतरली नव्हती. शेवटच्या दोन नमुन्यांचे आकडे मी वहीत लिहिले आणि पुढे कंसात लिहिलं, 'पद्धतीत दोष'.

तिला सहावा लागला होता. सकाळी अकरा-साडेअकराची वेळ. मी प्रयोगशाळेत होते. तिच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, ही हौदापाशी पडली. हातपाय झाडून राहिली. तोंडाला फेस येऊन राहिलाय. थांबलं म्हणलं तर पुन्हा सुरू झालं."

"नांदेडला आणा. लगेच. कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका."

"इथल्या डॉक्टरनं तेच सांगितलं, नांदेडला न्या म्हणून." मग त्यानं विचारलं, "ताई, हे आधी पण होत होतं का हिला?"

मी म्हटलं, "तुम्ही आधी निघा."

मी दवाखान्याच्या फाटकात उभी राहिले. जीप आली तेव्हा धाकटीचं डोकं सासूच्या मांडीवर होतं. कपाळ हौदाच्या काठावर आपटून फुटलं होतं, सासूचं लुगडं रक्तानं भिजलं होतं. वाटेत तिला आणखी तीनदा फिट आली होती आणि मधल्या वेळात ती शुद्धीवर आली नव्हती.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं सुई लावता लावता विचारलं, "आधीपासून फिट येतात का? गोळ्या चालू आहेत का?"

नवरा म्हणाला, "न्हाई, कसल्याच न्हाईत."

मी म्हटलं, "आहेत. नववीपासून. कार्बामाझेपाइन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सासूनंही. डॉक्टरणीनं मान वर केली नाही. "शेवटची गोळी कधी घेतली?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चार महिने झाले."

मला कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी तर घेते म्हणाली होती. पण डॉक्टरणीनं विचारल्याबरोबर मला उत्तर माहीत होतं, तारखेसकट. सोळा पानं कारणं लिहिताना ते मला माहीत होतं.

"अचानक बंद केली?"

"हो."

"कुणाला विचारून?"

नवरा बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत फिट थांबल्या. बाळ गेलं होतं. मुलगी होती.

धाकटीला बोलता यायला चार दिवस लागले. जीभ दातांखाली सापडून सुजली होती. पाचव्या दिवशी मी तिला चमच्यानं दूध पाजत होते तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. शेजारणीच्या मोबाइलवर एक बाई सांगत होती की फिटच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांची लेकरं व्यंग घेऊन जन्मतात. धाकटीला महिना चुकल्याचं त्याच आठवड्यात कळलं होतं. कुणाला विचारणार? घरच्यांना गोळी माहीत नाही. देगलूरच्या डॉक्टरणीला सांगितलं तर सासूला कळणार. मला सांगितलं तर मी ओरडून खायला लावणार.

"म्हणून मग बंदच केल्या," ती म्हणाली. "मधी दोनदा हात उडला, आक्का. भगुनं पडलं हातातून. मी म्हणलं, घसरलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस की." तिनं चमचा हातानं बाजूला सारला. "गच्चीवर. मला वाटलं, आता ही आणखी विचारंल. मग सांगून टाकू. पण तू कपडे घेऊन खाली गेलीस."

मी दुधाची वाटी विसळायला नळावर गेले.

राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. गर्भार बाईनं अशी गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते. गोळीत थोडा धोका असतो, म्हणून आधीपासून डॉक्टरांच्या नजरेखाली राहायचं असतं, लागली तर गोळी बदलतात, जोडीला दुसरी देतात. फिटमधला धोका त्याहून कितीतरी मोठा. त्यांनी हे रोजच्यासारखं सांगितलं, कुणाला बोल न लावता. त्यांनी बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

बोल लावला सासूनं. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसली होती. मी तिच्यासाठी चहा नेला. तो तिनं घेतला नाही.

"लपवलं तुम्ही," ती म्हणाली.

"मावशी, चुकलं आमचं. पण सांगितलं असतं तर तुम्ही लग्न केलं असतं का?"

"न्हाई केलं असतं," ती लगेच म्हणाली. "कशाला खोटं बोलू? न्हाईच केलं असतं. पण केल्यावर सांगितलं असतं तर मी काय तिला हौदात ढकलून दिलं असतं का? माझ्या घरात ती पोर न्हाणीघरात लपून गोळ्या गिळत होती. मला वाटायचं, आंघोळीला एवढा उशीर कामून लागतो हिला. तिला एकटीला सांभाळायला लावलं तुम्ही. शिकलेल्या तुम्ही."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली, ते मला समजलं नाही. मी विचारलंही नाही.

धाकटी दवाखान्यातून लातूरला आली ती परत देगलूरला गेली नाही. भांडण झालं नाही. नवरा एकदा येऊन तिची पेटी देऊन गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून तिला म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मीच आणल्या असत्या की गोळ्या." तिनं पेटी आत ओढून घेतली. वर्षानं कागदोपत्री वेगळे झाले. पेटीत खालच्या बाजूला पॅडची चार पाकिटं होती, मी भरून दिली होती तशीच.

सरांना मी सगळं सांगितलं. ते खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले की परवानगीशिवाय घेतलेले नमुने प्रबंधात येऊ शकत नाहीत, एकही नाही. ते बरोबर होतं. मी ते आकडे काढून टाकले. प्रबंधात फक्त प्रयोगशाळेतल्या मुलींची लाळ आणि तिच्यात मिसळलेलं औषध राहिलं, सरळ रेषेतला आलेख राहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "प्रत्यक्ष रोग्याच्या लाळेत करून पाहिलंत का?"

मी म्हटलं, "नाही, सर."

"हरकत नाही, पुढच्या संशोधकाला वाव राहिला," असं म्हणून त्यांनी पान उलटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हार घातला.

आता मी लातूरलाच एका महाविद्यालयात शिकवते. धाकटी माझ्याजवळ राहते. पदवी मिळाली त्या दिवशी घरी आल्यावर तिनं हार हातात घेऊन विचारलं, "माझी थुंकी घातलीस का त्यात?"

"नाही."

"कामून? चुकीची होती व्हय?"

"नाही. बरोबर होती. तूच गोळी घेत नव्हतीस, ते तुझ्या थुंकीनं त्याच महिन्यात सांगितलं होतं. मलाच कळून घ्यायचं नव्हतं."

"मग लिहायला काय झालं?"

"परवानगी नव्हती."

"मी दिली होती की," ती म्हणाली. "तू विचारलंस, मी घे म्हणलं."

"कागदावर नव्हती."

तिनं हार खुंटीला अडकवला. त्यातली फुलं पुढे कितीतरी दिवस गळत राहिली, कुणी तो काढला नाही.

त्या दिवशी लागोपाठ आलेल्या फिटनंतर तिचा आजार पूर्वीसारखा राहिला नाही. आता दोन प्रकारच्या गोळ्या आहेत, त्या ती ताटाशेजारी ठेवून सगळ्यांसमोर घेते, तरी दोन-तीन महिन्यांतून एखादी फिट येतेच. शब्द आठवायला वेळ लागतो. एका बालवाडीत तिला कामावर घेणार होते, तिनं आधीच आजार सांगितला. बाई म्हणाल्या, कळवते. कळवलं नाही. बाबा निवृत्त झालेत. ते तिच्यासाठी कोपरे नसलेलं लाकडी स्टूल करून घेऊन आले, तेवढंच. माय अजूनही कुणी आलं की पट्टी उचलायला जाते, मग धाकटीकडे बघून हात मागे घेते.

गेल्या महिन्यात मी घरी असतानाच तिला फिट आली. दुपारी शेंगा फोडत बसली होती. तिच्या घशातून आवाज आला तसा मी सूप बाजूला सारलं, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी घातली आणि घड्याळ बघत बसले. करण्यासारखं तेवढंच असतं. थांबल्यावर ती अर्धा तास झोपली. डोळे उघडले तेव्हा ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती, ती मी पुसली.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"दोन मिनिटं."

"खरं सांग, आक्का."

"चार," मी म्हटलं. "चाराच्या वर."

तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा डोळे मिटले. मी सांडलेल्या शेंगा भरायला लागले.